जी४एम बाँबरचं १/७२ किट: पंखासाठी घ्यावं असं

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एक छोटं हॉबी दुकान आहे, तिथून विमानाचं मॉडेल जोडायचं हे किट घेतलं. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. मित्सुबिशी जी४एम१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदलाचं जमिनीवरून उडणारं बाँबर. अमेरिकन त्याला 'बेटी' म्हणायचे. दुकानदाराने खोकं उघडून सगळे स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला चिकटलेले येतात त्या चौकटी, काउंटरवर मांडले. "काका, इथेच मोजून घ्या, नंतर एखादा पार्ट कमी निघाला तर मागवायला फार वेळ जातो." असं दुकान नाशकात आहे हे लोकांना कळावं.

मी ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात पंखांतल्या इंधनटाक्यांच्या सीलिंगवर होतो. त्यामुळे पहिला हात पंखालाच गेला. जोडल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पस्तीस सेंटिमीटर, खरं विमान पंचवीस मीटरचं. पॅनेलच्या रेघा सुरेख कोरल्या आहेत आणि दोन स्पारच्या, म्हणजे पंखातल्या लांब आडव्या तुळयांच्या, मधला भाग स्पष्ट कळतो. तिथेच पेट्रोल भरलेलं असायचं. वेगळी टाकी नाही, पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत. गोळी लागल्यावर भोक आपोआप बुजवणारं रबरी अस्तरही नाही. नौदलाला टॉर्पेडो घेऊन ३,७०० किलोमीटर जाणारं विमान हवं होतं, तेसुद्धा दोन इंजिनांवर. डिझायनर किरो होन्जो चार इंजिनं मागत होता, ती नाकारली गेली. मग अंतर काढायचं कुठून? संरक्षणाच्या वजनातून.

किटमध्ये तीन तुकड्यांच्या खुणा आहेत. पहिली कानोया कोकुताय, कोकुताय म्हणजे नौदलाची हवाई तुकडी. १० डिसेंबर १९४१ ला सायगावच्या आसपासच्या तळांवरून गेनझान, मिहोरो आणि कानोया या तुकड्या उडाल्या आणि मलायाच्या क्वांतान किनाऱ्यापुढे त्यांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. पहिल्या दोन तुकड्यांकडे जुनी जी३एम बाँबर होती, हे नवं विमान कानोयाकडे. ब्रिटिशांची ८४० माणसं गेली, जपानची तीन विमानं. समुद्रात मोकळेपणी फिरणारी मोठी युद्धनौका नुसत्या विमानांनी बुडवता येते, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

दुसरी तुकडी म्हणजे चौथी कोकुताय, आणि मी हिच्याच खुणा लावल्या. २० फेब्रुवारी १९४२. तुकडी स्थापन होऊन जेमतेम दहा दिवस झालेले. पॅसिफिकमधल्या राबाउलच्या जपानी तळावरून सतरा विमानं 'लेक्झिंग्टन' या अमेरिकन विमानवाहू नौकेवर निघाली. झिरो लढाऊ विमानांच्या लांब पल्ल्यासाठीच्या जादा टाक्या तळावर पोचल्याच नव्हत्या, म्हणून सोबतीला एकही लढाऊ विमान नाही. सतरांपैकी दोन तळावर परतली. एकेका विमानात सात-आठ माणसं. सँडपेपरने पंखाची कड घासताना हे आकडे माझ्या डोक्यातून जात नव्हते. ज्याने आयुष्यभर टाकीचा एकेक रिव्हेट तपासला, त्याला हा पंख बघून राग येतो. गोळी लागली तर हा पंख पेटतो हे आत बसलेल्या पोरांना ठाऊक होतं आणि ती तरीही उडत होती.

तिसरी ७०५ कोकुताय. १८ एप्रिल १९४३ ला पॅसिफिकमधल्या बुगनव्हिल बेटावर पाडलं गेलेलं, जपानी नौदलाच्या मुख्य ताफ्याचा प्रमुख अॅडमिरल यामामोतोचं विमान हिचंच. बहुतेक लोक त्यासाठीच हे मॉडेल करतात.

आता तक्रारी. पंख धडाला जिथे मिळतो तिथे चांगली फट राहते, पुट्टी लागतेच. मागच्या तोफेची काच नाजूक आहे, स्प्रूवरून तोडू नका, बारीक करवतीने कापा. पोटाखालच्या झाकणाबद्दल सूचनापत्रक गोंधळ घालतं. या विमानात बाँब किंवा टॉर्पेडो न्यायचे असतील तर ते झाकण काढूनच उडत, तेव्हा टॉर्पेडो लावणार असाल तर ते चिकटवू नका. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारू नका, दमट हवेने रंगावर पांढूरकी झाक येते.

सगळ्यात मोठी तक्रार माहितीपत्रकाची. त्यात इतिहास डिसेंबर १९४१ पासून सुरू होतो. ऑगस्ट १९३७ मध्ये कानोया आणि किसाराझु या तुकड्यांनी समुद्र ओलांडून चिनी शहरांवर बाँब टाकले, पुढे १९३९ ते १९४१ नौदलाच्या बाँबर तुकड्या चोंगचिंगवर जात राहिल्या, हजारो साधी माणसं मेली. यातली एक ओळही नाही. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत हे वगळणं मला पटत नाही. माझ्या नातवाला मी ते वेगळं सांगितलं, आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

पहिलंच मॉडेल करणार असाल तर एखादं एकइंजिनी विमान घ्या. दोन-चार केलेली असतील तर हे जरूर घ्या, आणि पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतून एकदा नीट बघा.