१२४००एफ की रायझन ७६००? हिशेब स्टेपनीचा

मध्यम बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवायला बसलं की शेवटी प्रोसेसरची दोन नावं उरतात: इंटेलचा आय-५ १२४००एफ, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ७६००. दोन्ही मी वापरले आहेत. पहिला २०२२च्या दिवाळीत घेतला, दुसरा २०२४मध्ये गणपती उठल्यावर. कोअर-थ्रेड तुम्हाला पाठ असतील, ते सोडून बोलतो.

१२४००एफने मला दोन वर्षांत एकदाही त्रास दिला नाही, हे आधी कबूल करायला हवं. डीडीआर४ म्हणजे आधीच्या पिढीची रॅम घेणाऱ्या मदरबोर्डवर बसतो, त्यामुळे जुनी रॅम कामाला आली. घोडबंदर रोडला आमचा फ्लॅट पश्चिमेकडे उघडा, मशीन हॉलमध्ये, एसी बेडरूममध्ये. मे महिन्यात दुपारी चारला त्या हॉलमध्ये माणूस बसत नाही, पण बॉक्समधल्या साध्या पंख्यावर हा प्रोसेसर निमूट चालायचा.

७६०० जास्त वेगवान आहे, यात वाद नाही. तो ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, १२४००एफ ४.४ला थांबतो. पण तो वेग जाणवतो कुठे? व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये, तेही मॉनिटर १४४ हर्ट्झच्या वरचा असेल तर. मोठ्या गेममध्ये आपल्या बजेटचं ग्राफिक्स कार्डच आधी दमतं. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो) झाकून ठेवलात तर मी कोणत्या मशीनवर बसलोय हे मला तरी सांगता येणार नाही. मला बोर्ड आणि रॅम धरून दोन्हींत बारा-तेरा हजारांचा फरक पडला. तेवढे वाचवून कार्डात घातले, आठऐवजी सोळा जीबीचं कार्ड आलं, तर गेम त्यानेच जास्त सुधारेल. इथपर्यंत पारडं सरळ १२४००एफकडे झुकतं.

मग आला २०२४चा जुलै.

एका रात्री गेम चालू असताना पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि सगळं काळं झालं. पंखे फिरतायत, कीबोर्डचे दिवे लागलेत, पडदा मात्र मेलेला. 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही, हे मला घेतानाच माहीत होतं. त्यावरच तर हजार-दीड हजार वाचवले होते. बोर्डला मागे एचडीएमआयचं भोक आहे, पण ते शोभेचं. त्यामुळे कार्ड गेलंय, बोर्ड गेलाय की एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), हेच कळेना. दोन दिवस रॅम काढ, रॅम घाल, असं करण्यात गेले. शेवटी मित्राकडे कार्ड नेऊन लावलं तेव्हा निदान झालं.

सर्व्हिस सेंटर तुर्भ्याला. कार्ड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, बिल शर्टाच्या आत ठेवून भर पावसात ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. (बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे चला, १८ टक्के जीएसटी अशा दिवशी वसूल होतो.) काउंटरवर सांगितलं, सात ते दहा दिवस. लागले सव्वीस. फोन केला की एकच उत्तर, "पार्ट आला की कळवू."

त्या सव्वीस दिवसांत गेम खेळता आला नाही याचं दुःख चार दिवसांत ओसरलं. पण ३१ जुलै, इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख, तोंडावर आलेली आणि सगळे कागद त्याच डब्यात. फाइली असलेली एसएसडी काढली, बायकोला विनवण्या करून तिचा लॅपटॉप मागितला आणि रात्री अकराला रिटर्न भरला. ती एवढंच म्हणाली, "एवढ्या पैशांचा खोका, आणि साधी फाइल उघडत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जाऊन जुनं जीटी ७१० कार्ड उचललं, निव्वळ पडदा दिसावा म्हणून.

रायझन ७६००मध्ये छोटं ग्राफिक्स आतच असतं. त्यावर आजचे गेम खेळायचं मनातही आणू नका. पण ब्राउझर, बँक, व्हिडिओ, ऑफिसचं काम सगळं चालतं. गाडीची स्टेपनी जशी. तिच्यावर कोणी गोव्याला जात नाही, पण पंक्चर झालं तर गॅरेजपर्यंत पोचता येतं. आणि निदान दहा मिनिटांत होतं: कार्ड काढा, केबल बोर्डाला लावा, पडदा आला तर दोष कार्डाचा. फक्त कार्ड परत बसवल्यावर केबलही परत कार्डाला लावा; ती बोर्डालाच ठेवून गेम अडकतो म्हणणारे मी पाहिलेत.

यावर कोणी म्हणेल, मग एफ नसलेला साधा १२४०० घ्या, त्यात ग्राफिक्स आहे. अगदी बरोबर, आणि बजेट ताणायचं नसेल तर मीही तेच सुचवीन. ठाणे स्टेशनच्या बाजूला दोन दुकानांत मी विचारला तेव्हा "मागवावा लागेल" असं ऐकलं, तुम्हाला कदाचित लगेच मिळेल. उलट रायझन म्हटलं की स्टेपनी असतेच असंही नाही: ५६०० आणि ७५००एफ दोन्ही कोरडे. ५६००जीमध्ये आहे, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६००च्या निम्मी, १६ एमबी.

७६००च्याही कटकटी आहेत. पहिल्यांदा चालू केल्यावर तीन-चार मिनिटं पडदा काळाच राहिला. जुलैची आठवण ताजी, माझ्या पोटात गोळा आला. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, बटण दाबू नका, चहा टाका. दुसरं म्हणजे नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमशिवाय तो चालत नाही, आणि २०२५च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की मी दिलेला बारा-तेरा हजारांचा फरक तुम्हाला लागू होईलच असं नाही. घरात चांगली डीडीआर४ पडून असेल तर इंटेलकडे जायला मी नाही म्हणणार नाही. सगळंच नव्याने घेत असाल तर मात्र ७६००. शिवाय ७६००चं एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची बैठक) २०२७ आणि पुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय. १२४००एफचं सॉकेट इंटेलने २०२४च्या ऑक्टोबरातच मागे टाकलं.

माझं जुनं मशीन आता ऐरोलीला भाच्याकडे आहे, मजेत चाललंय. न्यायला आला तेव्हा खोक्यातून जीटी ७१० काढून बघत म्हणाला, "मामा, हे भंगार कशाला?"

"असू दे कपाटात," म्हटलं.