माझाच कार्बोरेटर मला २,८०० रुपयांना

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं आणि पार्किंगमधली माझी स्कूटर सीटपर्यंत बुडाली. एरवी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मी घरीच खोलतो. पण तेव्हा घरात गुडघाभर चिखल, आईला दांडिया बाजारात मामाकडे पोचवायचं होतं. गाडीकडे बघणार कोण? टेम्पो घेऊन फिरणाऱ्या एका मेकॅनिकला ती देऊन टाकली.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "काका, आखुं कार्बोरेटर बदलवुं पडशे." २,८०० नव्याचे, ३०० मजुरी. अर्धं बडोदं गॅरेजच्या दारात उभं होतं, घासाघीस कसली करता! जुना मागितला, तर म्हणे भंगारात गेला. बिल मागायचं सुचलंच नाही.

गाडी बरी चालली. दिवाळीनंतर मात्र ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. असं झालं की बहुतेक वेळा फ्लोटच्या नीडलखाली, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईखाली, कचरा अडकलेला असतो. रविवारी गॅलरीत बसून कार्बोरेटर उतरवला. पेट्रोल साठतं ती खालची वाटी काढली तर कोपऱ्यांत करडा, मऊ गाळ. नदीचा. 'नव्या' कार्बोरेटरमध्ये!

मग हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू पाहिला. त्याच्या डोक्यावरून बॉडीवर उतरलेली लाल नेलपॉलिशची रेघ. पुराच्या आदल्या वर्षी सेटिंग लक्षात राहावं म्हणून लेकीची बाटली घेऊन मीच ओढलेली. रेघ कुठेही तुटलेली नव्हती, म्हणजे पठ्ठ्यानं स्क्रू हलवलासुद्धा नव्हता. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारला असता तर पॉलिश विरघळलं असतं. वाटीतलं पाणी सोडलं, वरून पेट्रोलनं पुसलं, झाला नवा.

पुरातून निघालेली गाडी आधी स्टार्ट करून बघूच नका. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात पाणी गेलंय, ते काम मेकॅनिकचंच. कार्बोरेटरचं म्हणाल तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पेट्रोल घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. तसं दिसलं तर टाकीसुद्धा रिकामी करायला हवी, नाहीतर तेच पाणी पुन्हा खाली उतरतं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं त्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं होतं. स्प्रे आणि हवा पुरते. हे सगळं गॅसच्या शेगडीपासून लांब, मोकळ्या हवेत.

आणि गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल तर खूण आधी करा, कार्बोरेटरचा फोटो काढा, बदललेला पार्ट पिशवीत घालून मागा. भंगारात गेला म्हणाला तर पैसे थांबवा.

मी कार्बोरेटर तसाच, वाटीतल्या गाळासकट, त्या मेकॅनिककडे घेऊन गेलो होतो. रेघ दाखवली. तो बघत राहिला, मग म्हणाला, "काका, बिल छे?" बऱ्याच हुज्जतीनंतर मजुरीचे ३०० परत दिले. २,८०० त्याच्याकडेच आहेत.