केमनचं ट्रॅक सेटअप: आधी अलाइनमेंट, मग शॉकअप

गाडी पोर्श ७१८ केमन, बेस मॉडेल, दोन लिटर टर्बो, ३०० पीएस (अश्वशक्ती), इलेक्ट्रॉनिक शॉकअप नसलेली, सेकंडहँड घेतलेली. पुण्यात पोर्श म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे, म्हणून आधीच स्पष्ट लिहितो, हे सगळं ट्रॅकसाठी आहे. बाणेर रोडवर किंवा एक्सप्रेसवेवर या सेटअपचा काडीचा उपयोग नाही आणि तिथे तो वापरून बघायचाही नाही.

आता जवळजवळ वर्ष होत आलं, मद्रासच्या ट्रॅकवर आणि कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर गाडी बऱ्यापैकी पळवून झाली, मधे एक अख्खा पावसाळा पुण्याच्या रस्त्यांवर गेला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. माझं मत एकच आहे आणि ते ठाम आहे: पैसे लावायचे तर आधी जॉमेट्रीत, म्हणजे चाकांच्या कोनांच्या अलाइनमेंटमध्ये लावा, स्प्रिंग-शॉकअप नंतर. आपल्याकडे सगळे उलटं करतात, आधी कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) मागवतात, गाडी खाली करतात, फोटो काढतात, आणि अलाइनमेंट कुठेतरी उरकून घेतात.

का ते सांगतो. केमनला पुढे-मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचा एक उभा खांब आणि खाली चाक धरणारे लोअर आर्म. वळणात बॉडी बाहेरच्या बाजूला झुकली की बाहेरचं चाकही बॉडीबरोबर बाहेर कलतं, आणि हे सस्पेन्शन दबताना त्याची भरपाई पुरेशी करत नाही. म्हणजे ज्या टायरवर सगळा भार आहे तोच कडेवर उभा राहतो. माझ्या गाडीच्या अलाइनमेंटच्या पहिल्या प्रिंटआउटवर पुढचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत कलण्याचा कोन) होता अर्धा डिग्री आणि मागचा दीड. कंपनीने हे मुद्दाम ठेवलंय, रस्त्यावर चुकून जोरात वळलात तर पुढच्या चाकांची पकड आधी सुटावी, मागच्यांची नाही. रस्त्यासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. ट्रॅकवर मात्र लांब वळणात स्टिअरिंग फिरवत राहायचं आणि गाडी सरळच जात राहणार, आणि पुढच्या टायरची बाहेरची कड बघता बघता संपणार.

मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, घड्याळाच्या दिशेने, त्यामुळे जास्त मार डाव्या टायरना. पिटमध्ये आल्या आल्या सुईवाल्या थर्मामीटरने टायरचं टेंपरेचर तीन ठिकाणी घ्यायचं, आत, मधे, बाहेर. लेझर गन नको, ती फक्त वरचा पृष्ठभाग सांगते आणि तो पिट लेनमध्येच गार होतो. सुई रबरात दोन-तीन मिमी घुसवावी लागते. स्टॉक (कंपनीच्या) सेटिंगला पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा जवळपास वीस डिग्री गरम येत होती. हा एक आकडा बघितला की कुठला पार्ट घ्यायचा हा प्रश्नच उरत नाही.

स्ट्रटच्या वरच्या माउंटला असलेल्या जागेत सरकवून सरकवून कॅम्बर एक डिग्रीच्या आसपासच जातो. पुढे जायचं तर पोर्शच्याच जीटी३ चे दोन तुकड्यांचे लोअर आर्म, ज्यात मधे शिम (पातळ चकत्या) घालता येतात. साधारण सात मिमी शिम म्हणजे एक डिग्री असा हिशोब धरायचा. यात खालचा जॉइंट बाहेर ढकलला जातो, म्हणून डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरही थोडं वाढतं, तो फायदाच. पण शिम बदलली की टो (वरून बघता चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळण्याचा कोन) हलतोच, परत बसवावा लागतो, "थोडीशीच शिम टाकली, काय फरक पडतोय" असं करून चालत नाही.

आता पुण्यात हे करून घेणं. मशीनची अडचण नाही, चांगली थ्रीडी मशीन भोसरीपासून सातारा रोडपर्यंत सगळीकडे आहेत. अडचण आहे ती स्क्रीनवरच्या हिरव्या रंगाची. आकडा कंपनीच्या रेंजमध्ये आला की पट्टी हिरवी होते आणि काम संपतं. रेंजमध्ये डावीकडे एका टोकाला आणि उजवीकडे दुसऱ्या टोकाला असलं तरी हिरवंच. एका ठिकाणी मी सव्वादोन डिग्री मागितले तर सरळ "साहेब हे होणार नाही, मशीन घेत नाही" म्हणाले. शेवटी मिळाले ते एक वयस्कर फिटर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पट्टी लाल झाल्यावर ते पण थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "लाल दिसतंय हो सगळं, तुम्हाला पाहिजे तेच आहे ना हे?" मी म्हटलं काका, रंग बघूच नका, फक्त डावं-उजवं पाच मिनिटांच्या आत आणून द्या (मिनिट म्हणजे इथे डिग्रीचा साठावा भाग, वेळ नव्हे). त्यांनी पाना हातात घेतला आणि दुपार त्यात घालवली. प्रत्येक वेळी नट टाइट केल्यावर गाडी दोन मीटर मागे-पुढे ढकलून सस्पेन्शन सेटल करून परत आकडा बघायचा, कारण टाइट करताना टो दोन-तीन मिनिटं सरकतो. असा माणूस मिळाला तर सोडू नका, मशीन कुठल्या कंपनीचं हे त्यानंतर.

ड्रायव्हरचं वजन सीटवर ठेवूनच अलाइनमेंट करा. आम्ही सिमेंटची ५० किलोची गोणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटवर आणि तांदळाचं एक पोतं पायाशी ठेवलं. टाकी अर्धी. केमनची टाकी पुढे असते, त्यामुळे पेट्रोल कमी-जास्त झालं की पुढची उंची आणि वजन दोन्ही बदलतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

सध्याची सेटिंग अशी आहे. पुढे निगेटिव्ह कॅम्बर सव्वादोन डिग्री, टो शून्य. मागे कॅम्बर एक डिग्री पन्नास मिनिटं, टो-इन (पुढची टोकं आत) प्रत्येक बाजूला दहा मिनिटं. मागच्या टो-इनशी खेळू नका. इंजिन मधे असलेल्या गाडीत ब्रेक मारताना मागचे बुश (सांध्यांतले रबर) दबून चाकं बाहेर बघायला लागतात, आणि आधीच टो कमी असेल तर मद्राससारख्या ठिकाणी सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला की शेपूट हलतं. पुढे थोडा टो-आउट (टोकं बाहेर) दिला की कारीसारख्या लहान ट्रॅकवर हळू वळणांत गाडी पटकन आत येते, पण मग हायवेवर ती ट्रकच्या चाकोऱ्यांमागे पळते, आणि पुण्याहून तिथपर्यंत हजारावर किलोमीटर कोल्हापूर-हुबळी-बंगळूर करत स्वतः चालवत जायचं असेल तर तो ताण नको वाटतो. मी शून्यावर खूश आहे.

फरक? नुसत्या अलाइनमेंटने, स्टॉक शॉकअपवर, बाहेरची आणि आतली कड जवळपास बरोबरीला आली. नंतर शॉकअप बदलून आणि प्रेशर जुळवून आतली कड पाच-सात डिग्री जास्त गरम राहते, तीच हवी. प्रेशर थंड असताना २७ पीएसआय, गरम झाल्यावर ३३ च्या आसपास. दर साडेपाच डिग्रीला साधारण एक पीएसआय चढतो, म्हणून मद्रासच्या उन्हात सकाळी भरलेलं प्रेशर दुपारी तसंच ठेवलं तर टायर मधूनच फुगतो आणि ग्रिप जाते. टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला तेच.

आणि "एवढ्या कॅम्बरने टायर आतून खाणार" ही भीती सगळे घालतात. नीट सांगायचं तर टायर कॅम्बरपेक्षा टो जास्त खातो. टो शून्य असेल तर सव्वादोन डिग्रीवरही हायवेला झीज सहन होण्यासारखी आहे. आतली कड थोडी लवकर जाते हे खरं, पण आधी ट्रॅकवर बाहेरची कड ज्या वेगाने जात होती त्यापुढे हे काहीच नाही.

शॉकअप नंतर घातले, केडब्ल्यू व्हेरिएंट ३. ड्युटीसकट काही लाख जातात. रिबाउंड (शॉकअप उलगडतानाचा विरोध) आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा) वेगवेगळं फिरवता येतं आणि बॉडी स्टेनलेसची आहे, पावसाळ्यात हे दुसरं जास्त महत्त्वाचं. खाली फक्त दहा-बारा मिमी केली. त्याहून खाली घेतली तर लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे जातात, रोल सेंटर (बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) खाली पडतो, आणि गाडी दिसायला भारी पण वळणात जास्त झुकणारी होते. शिवाय सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प आहे, पाषाणचे स्पीडब्रेकर आहेत, विषय संपला.

कॉर्नर वेट, म्हणजे चारही चाकांवरचं वजन मोजून जुळवणं, मात्र कराच, थ्रेडवाले शॉकअप घेऊन ते न करणं म्हणजे पैसे वाया. चार वजनकाट्यांच्या पॅडखाली फरशी एका लेव्हलला लागते आणि गॅरेजची फरशी कधीच नसते. आम्ही गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी आणली, चारही पॅडवर पाणी एका रेषेत येईपर्यंत खाली पातळ प्लायचे तुकडे सरकवले. मग ड्रायव्हरचं वजन ठेवून क्रॉस वेट (तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांवरचं वजन) पन्नास टक्के. एका कोपऱ्याचा पर्च (स्प्रिंग टेकते ती फिरवायची रिंग) वर चढवला की त्या कोपऱ्यावर आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं, म्हणून चारही थोडे थोडे फिरवायचे, नाहीतर उंची बिघडते. अँटी-रोल बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक त्या वेळी सोडून ठेवा, शेवटी ताण न येता जोडा. यानंतर डाव्या-उजव्या वळणात गाडी सारखी वागायला लागली, आणि हे सीटवर बसून लगेच कळतं.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात खालच्या कॉम्प्रेशनच्या नॉबमध्ये चिखल बसतो, पाण्याने धुवून मगच फिरवा, जोर लावाल तर खराब होईल. खड्ड्यांवर पुढून हलका टकटक आवाज येतो. आणि मोठा खड्डा बसला की अलाइनमेंट तपासावीच लागते, मी पार्किंगमध्ये चार स्टँडला मासेमारीची दोरी ताणून रिमपर्यंतचं अंतर मोजतो, अर्ध्या मिमीपर्यंत कळतं, मशीनवर जायची गरज आहे की नाही ते ठरतं.

इन्शुरन्सचं वाचून घ्या, साध्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, त्यामुळे ट्रॅकवर काही झालं तर खिशातून.

या जूनमध्ये पुढची उंची पाच मिमी वर घेणार आहे आणि रिबाउंड दोन क्लिक सैल. शिम तशाच राहतील, दिवाळीनंतर काकांकडे परत एकदा सगळे आकडे बघून मग कोइंबतूर.