दोघंच आहात, हाताशी काही नाही: कुठला खेळ काढाल?

खंबाटकी घाटात एसटी अडकली की पहिली वीस मिनिटं मोबाइल तारून नेतो. मग रेंज जाते नाहीतर बॅटरी, आणि शेजारी बसलेली आठ वर्षांची भाची विचारते, "मामा, आता काय?" माझ्या खिशात असतं एक पेन आणि दोन तिकिटं. हल्लीचं मशीनमधलं तिकीट म्हणजे एवढीशी चिटोरी. त्याच्या पाठीवर फुली-गोळ्याचा एक डाव कसाबसा बसतो.

सामानावरून निवडायला गेलात तर पुढचे सगळे खेळ सारखेच स्वस्त आहेत. मी दोन गोष्टी बघतो. समोरच्यात आणि आपल्यात अंतर किती, आणि हाताशी वेळ किती. अंतर मोठं असेल तर खेळात थोडं नशीब हवंच, नाहीतर तिसऱ्या डावाला रुसवा ठरलेला.

फुली-गोळ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोघंही सावध खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. समोरच्याने कोपऱ्यात फुली मारली की आपला गोळा मधल्या घरात. दुसरीकडे कुठेही ठेवलात तर तो डाव काढू शकतो. एवढं कळलं की खेळ संपला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र अजून कळलेलं नसतं, आणि "मी जिंकले!" हा आनंद त्याला याच खेळात सगळ्यात लवकर मिळतो. त्या वयाला द्या, मोठ्यांनी वेळ घालवू नये.

काड्यांच्या खेळाचंही तेच, फक्त त्याचं गुपित जरा उशिरा फुटतं. 21 आगकाड्या मांडायच्या (शेंगदाणे घेतले तर मोजणी चुकते, कारण ते पोटात जातात), आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या, शेवटची उचलेल तो हरला. यात दुसऱ्याने खेळायला बसावं. समोरच्याने एक उचलली तर आपण तीन, त्याने दोन तर आपण दोन. दर फेरीत चार जातात आणि शेवटची त्याच्या गळ्यात पडते. तासभर भाव खाऊन घ्या, मग गुपित सांगून टाका. नाही सांगितलंत तर पोरं तुम्हाला खेळायला घेणार नाहीत. काड्यांचे तीन-चार वेगवेगळे ढीग केले तर हाच खेळ बराच अवघड होतो. त्याचं पूर्ण गणित 1901 मध्ये चार्ल्स बूटन या अमेरिकी गणितज्ञाने मांडलं.

आता माझा लाडका, ठिपक्यांच्या चौकटी. वहीच्या पानावर ठिपके काढायचे, एकेक रेघ जोडायची, चौथी रेघ मारून चौकट बंद करणाऱ्याने आत आपलं अक्षर लिहायचं आणि पुन्हा खेळायचं. सगळ्यांना वाटतं, मिळेल ती चौकट घ्यावी. इथेच माणूस फसतो. समजा, शेवटी एक चार चौकटींची आणि एक सहा चौकटींची अशा दोनच रांगा उरल्यात आणि भाचीने नाइलाजाने चारची रांग उघडली. मी हावरटासारख्या चारही घेतल्या तर पुढची रेघ मलाच मारावी लागते, सहाची रांग उघडते आणि मी 4-6 ने हरतो. त्यापेक्षा दोनच घ्यायच्या आणि उरलेल्या दोन तिला एका रेघेत मिळतील अशी टोकाची रेघ मारून सोडायची. ती खूश होऊन दोन घेते. पण चौकट बंद केली की पुन्हा खेळणं भाग, म्हणून सहाची रांग तिलाच उघडावी लागते. निकाल 8-2. ही खोच मी तिला दाखवली नव्हती. दोन महिन्यांनी तिने ती माझ्यावरच चालवली, आणि मला कळलं तेव्हा पानावर सगळीकडे तिचीच अक्षरं होती.

वेळ वीस मिनिटांचा आणि पाठकोरा कागद हाताशी असेल तर हाच काढा. हलत्या गाडीत रेघ वाकडी जाते, पण तेवढं चालतं.

कागदच नसेल तर बोटांचं क्रिकेट. दोघांनी एकदम बोटं दाखवायची. आकडा जुळला तर फलंदाज बाद, नाही जुळला तर त्याच्या बोटांएवढ्या धावा. नुसता अंगठा म्हणजे सहा. दोघांनीही एक ते सहामधलं काहीही बेफाम दाखवलं तर सरासरी साडेसतरा धावांवर विकेट पडते. पण बेफाम कोण खेळतं? पोरं सटासट अंगठाच दाखवतात आणि अंगठ्यावरच जातात. काकांनी आणि पुतण्यानं बरोबरीनं खेळावं असा हा खेळ. अक्कल थोडी, नशीब जास्त, शिकायला अर्धं मिनिट. तोटा एकच, आवाज. पुढच्या सीटवरची माणसं दोन षटकांनंतर मागे वळून बघायला लागतात.

दोघंही जाणते असाल तर गाय-बैल. मनात चार वेगवेगळे अंक धरायचे, समजा 4072. समोरचा म्हणाला 4720, तर 4 जागेवर आहे म्हणून एक बैल, आणि 7, 2, 0 आहेत पण जागा चुकल्यात म्हणून तीन गाई. शक्यता 5040, तरी नीट विचार करणारा सात अंदाजांत आकडा पकडतोच. हा खेळ फोनवरही चालतो, लाइट गेल्यावर अंधारातही. पण एक उत्तर चुकलं की पुढचं सगळं मातेरं. वडिलांनी एकदा मला एक गाय कमी सांगितली, अर्धा तास वाया गेला आणि वर "तुझंच चुकलं असेल" हेही ऐकावं लागलं. म्हणून लहानांबरोबर तीनच अंक धरा आणि त्यांचा आकडा आधी चिठ्ठीवर लिहून घ्या.

घरी निवांत बसला असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि नवकंकरी मांडा. खडूने एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले, 24 जागा, प्रत्येकाचे नऊ खडे. एकाचे चिंचोके, दुसऱ्याचे खडे घेतले की रंगाची भानगड नाही. तीन एका ओळीत लागले की समोरच्याचा एक उचलायचा. नाशिकच्या पांडवलेण्यांत असे खेळांचे पट खडकात कोरलेले आढळले आहेत, म्हणजे पावसात अडकलेल्यांचा प्रश्न तेव्हाही हाच असणार. दोघंही अचूक खेळले तर हाही बरोबरीत सुटतो, हे 1993 मध्ये संगणकाने सिद्ध झालं, पण तुमच्या-माझ्या हातून अचूक खेळ व्हायचा नाही, तेव्हा काळजी नको. एसटीत मात्र पहिल्याच गतिरोधकाला खडे सीटखाली.

आजी-नातीच्या जोडीला सागरगोटे. तिथे मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी माझ्या हातात दुसराच गोटा झेलायचा राहतो.

आणि तिसरं कुणी येऊन बसलं तर? ठिपक्यांच्या चौकटी तिघांतही चालतात, फक्त अक्षरं वेगळी घ्या. बोटांच्या क्रिकेटला त्याला पंच करा, भांडणं निम्मी होतील.