शुल्कनोंदणीची नवी प्रणाली: बिल विभागाचा अनुभव

नाकारलेला विमा दावा किमान दिसतो तरी. नोंदच न झालेली सेवा कुणाच्याच नजरेस पडत नाही. पूर्वी आमच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात वापरलेल्या इम्प्लांटचा (शरीरात बसवलेल्या उपकरणाचा) स्टिकर कागदी फाइलवर चिकटवला जाई आणि ती फाइल बिल विभागात पोहोचेपर्यंत रुग्ण अनेकदा घरी गेलेला असे. नव्या प्रणालीत परिचारिका रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि वस्तूचा बारकोड स्कॅन करते, त्याच क्षणी साठा कमी होतो आणि बिलात नोंद पडते. हा बदल मला मनापासून आवडला.

आजाराचा कोड सुचवण्याची सोय मात्र अपुरी आहे. डॉक्टरांनी नुसते ‘न्यूमोनिया’ लिहिले की ती आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील जे१८.९ हा ढोबळ कोड लावते आणि प्रयोगशाळेच्या अहवालात न्यूमोकोकस हा जिवाणू आढळला तरी त्यासाठीचा नेमका कोड जे१३ सुचवत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे उघडून न वापरता परत केलेली वस्तू बिलातून आपोआप वगळली जात नाही. तो भुर्दंड थेट रुग्णावर पडतो, म्हणून डिस्चार्जपूर्वी प्रत्येक बिल आम्ही आजही केसपेपरशी ताडून पाहतो. अहवालांचा भाग ठीक आहे. परत केलेल्या वस्तूंच्या नोंदी रद्द होण्याबाबतची ही त्रुटी दूर झाल्याखेरीज मी ही प्रणाली इतर रुग्णालयांना सुचवणार नाही.