जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आणि 'केक': दीड वर्ष वापरल्यानंतर

दर रविवारी संध्याकाळी सातला आई ऑनलाइन गाणं शिकवते. शिकणाऱ्या तिघी न्यू जर्सीच्या, तिकडे सकाळ. भूप रंगात आला आणि भावाच्या मोबाइलवरून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले, की तिकडून हमखास यायचं, "मावशी, आवाज तुटतोय." आई गंधारावर थांबायची, पुन्हा म्हणायची, पुन्हा थांबायची. शेवटी घरात नियमच झाला: क्लास संपेपर्यंत नेटला कुणी हात लावायचा नाही.

केबलवाला म्हणाला, 40 एमबीपीएसचा प्लॅन 100 चा करून घ्या. मी नेटवर्कच्याच कामात आहे, म्हणून आधी पिंग लावून बसलो, म्हणजे डेटाचं एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिलो. लाइन मोकळी असताना 9 मिलिसेकंद. फोटो चढायला लागले की आकडे 80, 210, 400 करत थेट 640 वर. आणि पॅकेट एकही हरवत नव्हतं! सगळी रांगेत उभी होती. आईचा आवाज फोटोंच्या मागे. संगणक अभियंते जिम गेटीज यांनी याच दुखण्याला, पॅकेटांच्या या फुगलेल्या रांगेला, 'बफरब्लोट' हे नाव दिलं.

कपाटातल्या जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली मोफत राउटर-प्रणाली चढवली, त्यात रांगा सांभाळणारं एसक्यूएमचं पॅकेज घातलं आणि कुठलं पॅकेट कधी सोडायचं हे ठरवायला 'केक' ही पद्धत निवडली. सगळं फुकट. केक 2018 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. त्याच्या मुळाशी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची 2012 ची 'कोडेल' ही युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. रांग किती लांब आहे हे कोडेल बघतच नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतं. 100 मिलिसेकंदभर ती वाट 5 मिलिसेकंदांच्या खाली आलीच नाही, तर पॅकेट टाकायला सुरुवात करतं, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडता घेतो. केक शिवाय प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवतं, त्यामुळे आईचा आवाज फोटोंच्या मागे अडकत नाही.

ऑफिसात आम्ही पॅकेटांवर प्राधान्याचे शिक्के मारतो, ठरावीक वाटांनी ती नेतो. घरच्या लायनीवर त्या शिक्क्यांना उंबऱ्याबाहेर कुणी विचारत नाही. आपल्या हातात असते ती फक्त उंबऱ्यावरची रांग, म्हणून ती आपल्याच राउटरमध्ये लागली पाहिजे. त्यासाठी राउटरला लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग सांगायचा. संध्याकाळी लाइन खरी 38 देत होती. मी अपलोड-डाउनलोड दोन्ही बाजूंना 34000 किलोबिट, म्हणजे 34 एमबीपीएस, लिहिलं. हे चार एमबीपीएस सोडायला जीव कचरतो, पण सोडाच. पूर्ण 40 लिहून पाहिलं तेव्हा पिंग पुन्हा 500 वर गेला. डाउनलोडच्या बाजूला गुण थोडा कमी येतो, कारण पॅकेट आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा अरुंद जागा ओलांडून आलेलं असतं.

आता फोटो चढत असतानाही पिंग 13-14. तो नियम मोडीत निघाला. प्लॅन 40 चाच आहे.

या कामासाठी वर्षानुवर्षं झटलेले डेव्ह टाट 2025 मध्ये गेले. ती बातमी वाचली त्या रविवारी क्लास चालू असताना मी राउटरपाशी बसून होतो. आई तानपुरा लावत होती आणि तिकडच्या तिघींनी षड्ज तिच्या मागोमाग लगेच उचलला.

घेणाऱ्यांसाठी एकच: हे सगळं काम प्रोसेसरवर पडतं, हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरला वगळून परस्पर पुढे ढकलायची सोय) बंद ठेवावं लागतं. माझा जुना राउटर 40 ला आरामात पुरतो. तुमची लाइन 300-500 ची असेल तर दणकट प्रोसेसरचाच राउटर घ्या, आणि घेण्याआधी ते मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते बघा.