आल्टम्यूलच्या काठाने चार दिवस (पाच हवे होते)

आमची मुलगी न्यूर्नबर्गला असते. जूनमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आणि जावयांनी आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सहल ठरवून दिली. बव्हेरियातल्या आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातून सायकलने जायचं, तेही आपलं आपण, गाइडशिवाय. कंपनी सायकली देते, तीन रात्रींच्या खोल्या ठरवते आणि रोज सकाळी आपल्या बॅगा उचलून पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवते. दोघांचे मिळून 780 युरो झाले, त्यात सकाळची न्याहारी होती. मी एकसष्ट वर्षांची, हे सदुसष्ट. साताऱ्यात मी अजून बाजारहाट सायकलवर करते. ह्यांनी मात्र वीस वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. आमच्या वयाच्या कुणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वाटेबद्दल. आल्टम्यूल ही बव्हेरियातल्या सगळ्यात संथ नद्यांपैकी एक. पाणी वाहतंय की थांबलंय हे कळायला एखादं पान पडून सरकताना बघावं लागतं. नदीलाच उतार नाही म्हटल्यावर काठाने जाणाऱ्या वाटेला तरी कुठला असणार? आम्ही ट्रॉइश्टलिंगेनपासून केल्हाइमपर्यंत सुमारे 130 किलोमीटर गेलो आणि सायकलवरून उतरून ढकलावी लागली ती दोनदाच. वाट जवळजवळ सगळी मोटारींपासून वेगळी आहे. काही तुकडे डांबरी, काही बारीक खडीचे. पाऊस पडून गेला की खडीच्या वाटेवर चुनखडीचा पांढरा राडा होतो, तो साखळीत आणि बुटांवर बसतो आणि वाळला की दगडासारखा धरतो. एक जुनं फडकं जवळ ठेवा. पाट्या प्रत्येक फाट्यावर आहेत, मला मोबाइलवर नकाशा उघडावाच लागला नाही.

आता सायकलींबद्दल, कारण कंपनीवरची माझी पहिली तक्रार इथेच आहे. सायकली उत्तम होत्या: सात गिअर, बायकांना साडी नाही तरी कुर्ता घालून बसता येईल असा खाली वाकलेला दांडा, मागे दोन्ही बाजूंना पाणी न शिरणाऱ्या पिशव्या. पण त्यांना मागचा ब्रेक पॅडलमध्ये होता. पॅडल उलटं फिरवलं की चाक जागीच अडतं. आपल्याला सवय अशी की थांबलो की पॅडल उलटं फिरवून पायाखाली सोयीचं आणायचं. पहिल्याच चौकात मी तसं केलं आणि भररस्त्यात तोल गेला. सायकल ताब्यात देणाऱ्या मुलाने सीटची उंची तीनदा तपासली, कुलूप लावून दाखवलं, पण हे सांगितलं नाही. जर्मनीत हे सगळ्यांना ठाऊक असतं हे मला मान्य आहे, पण परदेशी पाहुण्याला सांगायला एक मिनिट लागतं आणि ते सांगायलाच हवं. तुम्ही बुकिंग करताना ‘फ्रायलाउफ’ म्हणा, म्हणजे पॅडल मोकळं उलटं फिरणारी सायकल मिळते.

निघण्याआधी ट्रॉइश्टलिंगेनजवळच्या ग्राबेन गावात अर्धा तास थांबलो. तिथे गवताळ बांधांमध्ये साचलेलं हिरवं पाणी आहे, पाहायला फार काही नाही. पण हा कालवा शार्लमेन राजाने इसवी सन 793 मध्ये खणायला घेतला होता, ऱ्हाइनचं आणि डॅन्यूबचं पाणी जोडायला. त्याच कामासाठीचा आजचा मोठा कालवा 1992 साली पुरा झाला आणि आमच्या वाटेचा शेवटचा भाग त्याच्याच काठाने होता. सुरुवात इथून केल्याचं मला फार समाधान वाटलं.

पहिला गड पापेनहाइमचा. नदी गावाला वळसा घालते आणि मधल्या उंचवट्यावर गड. आम्ही साताऱ्याची माणसं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली, त्यामुळे ‘गड चढायचा’ म्हटल्यावर दम लागेपर्यंत चढण असणार असं मनात होतं. इथे पंधरा-वीस मिनिटांत वर. इथले गड आपल्यासारखे अख्खा डोंगरमाथा तटाने बांधून काढलेले नाहीत, एका सरदारघराण्याच्या राहत्या वाड्याभोवती तट आणि बुरूज असं त्यांचं रूप. दगड मात्र पाहत राहावा असा. आपल्या काळ्या पाषाणाऐवजी पांढरट पिवळा चुनखडक. संध्याकाळच्या उन्हात तो मधासारखा दिसतो.

तिथून पुढे झोल्नहोफेन, आणि इथे मी सहलीचं परीक्षण जरा बाजूला ठेवते. आमच्या सासऱ्यांचा साताऱ्यात छापखाना होता. ह्यांचं आयुष्यही छपाईतच गेलं, आधी खिळे जुळवण्यात आणि मग ऑफसेटवर. घरात देवघराशेजारी रविवर्मा प्रेसची लक्ष्मी अजून आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी आणलेली. आलोइस झेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास शिळाछपाई शोधून काढली आणि पुढे तिच्यासाठी जगभर ज्या दगडाला मागणी होती तो ह्या झोल्नहोफेनच्या खाणींतला. कण इतके बारीक, की त्यावर तेलकट खडूने काढलेली केसाएवढी रेघही कागदावर उठते. मुंबईत 1894 साली सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसचं कामही शिळाछपाईचंच. मराठीतली सुरुवातीची कितीतरी पंचांगं आणि पोथ्या अशाच दगडावरून छापलेल्या. गावात झेनेफेल्डरचा पुतळा आहे, संग्रहालयात छपाईचे दगड मांडलेले आहेत. हे एका दगडासमोर किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. 1861 साली जाहीर झालेला आर्किओप्टेरिक्सचा, म्हणजे पंखवाल्या आदिपक्ष्याचा जीवाश्म ह्याच परिसरातल्या खाणीतला. लोक तो विषय बघायला येतात आणि यायलाच हवं, पण आम्हाला छपाईच्याच दालनात दीड तास लागला.

आणि दुसरी तक्रार इथूनच सुरू होते. कंपनीच्या कागदावर पहिला दिवस ‘45 किलोमीटर, सोपा’ असा होता. पायडल मारण्यापुरता तो सोपाच. पण पापेनहाइम आणि झोल्नहोफेन पाहायचं तर आइखश्टेटला पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेसात वाजतात. नदीकाठचे ‘बारा प्रेषित’ नावाचे सुळके आम्ही न थांबता मागे टाकले, हे मला अजून लागून राहिलं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नासेक किलोमीटर, म्हणजे आइखश्टेटला फक्त सकाळ. त्यात आम्ही वाटून घेतलं. हे टॅक्सीने वर ब्लूमेनबर्गच्या खाणीत गेले, तिथे छिन्नी-हातोडा भाड्याने घेऊन कुणालाही दगडाचे पापुद्रे फोडून जीवाश्म शोधता येतात. मी विलिबाल्ड्सबुर्ग गडावर गेले. शतकानुशतकं इथल्या बिशपांचं राहणं ह्या गडावर होतं. त्यांच्यातल्याच एकाच्या बागेवरून 1613 साली ‘हॉर्टुस आयस्टेटेन्सिस’ हा वनस्पतिचित्रांचा भव्य ग्रंथ निघाला, त्यातली झाडं आता बुरुजावरच्या बागेत ऋतूंप्रमाणे लावलेली आहेत. गडावरच्या जुरा संग्रहालयात आर्किओप्टेरिक्स प्रत्यक्ष पाहिला, तळहाताहून फार मोठा नाही. हे खाणीतून परतले ते वहीच्या पानाएवढा एक पापुद्रा घेऊन. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी होती. ती वनस्पती नव्हे, भेगेत शिरलेल्या मँगनीजच्या खनिजाची वाढ. तरी ती त्यांनी टॉवेलात गुंडाळली.

राहण्याबद्दल काही म्हणायचं नाही, इतकं ते चांगलं होतं. ‘बेट+बाइक’ अशी पाटी असलेली घरं सायकलवाल्यांना एका रात्रीसाठीही खोली देतात, सायकलींना कुलूपबंद जागा देतात, ओले कपडे वाळवायची सोय असते. बॅगा रोज आमच्या आधी पोचलेल्या असायच्या. सकाळी नऊपर्यंत खाली आणून ठेवायच्या, एवढीच अट. ह्या सोयीला पैकीच्या पैकी. पाठीवर ओझं असतं तर हे दुसऱ्या दिवशीच थांबले असते.

शाकाहारी माणसाचं जेवण होतं, पण विचारून घ्यावं लागतं. केझेश्पेट्झ्ले, म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया आणि वर तळलेला कांदा, हे मला मनापासून आवडलं. रविवारी दुकानं बंद, सोमवारी बरीच हॉटेलं आणि संग्रहालयंही बंद. आमचा तिसरा दिवस सोमवारी आला. रीडेनबुर्गचा रोझेनबुर्ग गड खालूनच पाहिला आणि दुपारी मुलीने बांधून दिलेले धपाटे आणि लसणाची चटणी नदीकाठच्या बाकावर खाल्ली. सहल मंगळवारी सुरू करा, म्हणजे सोमवार मधे येत नाही.

किप्फेनबर्गच्या आसपासचा पट्टा मला सगळ्यात आवडला. खोरं रुंद आणि नदी मात्र दोन होड्यांपुरती. मुलीने घरी वाचून दाखवलं होतं ते तिथे डोळ्यांना पटलं: डोल्नश्टाइनच्या खालचं हे खोरं मुळात डॅन्यूबने कोरलेलं आहे. फार पूर्वी ती पात्र बदलून दक्षिणेला गेली आणि तिच्या रिकाम्या घरात ही लहान नदी राहायला आली. उतारांवर मेंढ्या चरतात, त्या खात नाहीत म्हणून जुनिपरची काटेरी झुडपं तेवढी उभी राहतात. धनगरांचे वाडे आठवले. डीटफुर्टनंतर मात्र नदीचा कालवा होतो, काठ सरळ, पाणी रुंद, मोठी जहाजं जातात. वाट अधिक गुळगुळीत पण गंमत कमी. कंपनीने वेळ वाचवायचा तर तो इथे वाचवावा.

अपवाद प्रुनचा. कालव्यावर सरळ उभा कडा आणि कड्याच्या टोकावर गड, भिंतीवर लाल ढालीत पांढरा घोडा रंगवलेला, खालूनही स्पष्ट दिसतो. सायकली खाली कुलूप लावून ठेवल्या आणि रानातून चढलो. ही चढण खरी आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. आत वाटाड्याबरोबरच जाता येतं. निबेलुंगेनलीड ह्या जुन्या जर्मन महाकाव्याची एक हस्तलिखित प्रत सोळाव्या शतकात इथे सापडली, आता ती म्युनिकच्या ग्रंथालयात आहे. खिडकीतून खाली पाहिलं तर आमच्या दोन सायकली टाचणीच्या डोक्याएवढ्या.

चार तारे देते आहे. पाचवा त्या पॅडलच्या ब्रेकसाठी आणि घाईच्या आखणीसाठी राखून ठेवला. आइखश्टेटला दोन रात्री मागून घ्या, ज्यादा पैसे गेले तरी.

शेवटची एक गोष्ट कागदावर नव्हती: सहल केल्हाइमला संपते, पण तिथून प्रवासी रेल्वे नाही. सायकली परत करून बॅगांसकट पाच-सहा किलोमीटरवरच्या झालला जावं लागतं. आम्ही बसने गेलो. बॅगा मी सांभाळल्या, कारण ह्यांच्या दोन्ही हातांत टॉवेलात गुंडाळलेला तो दगड होता, आणि न्यूर्नबर्ग येईपर्यंत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.